धावणे, हौशी : लघुअंतर रस्ताशर्यती

धावणे, हौशी : उपजीविका, संघनिवड किंवा पदक यांसाठी नव्हे, तर आरोग्य, करमणूक आणि स्वतःच्याच पूर्वीच्या वेळेशी स्पर्धा या हेतूंनी केलेले धावणे. हौशी धावपटूंच्या शर्यतींत ५ किमी. व १० किमी. ही अंतरे सर्वाधिक रूढ आहेत. मैदानी खेळांच्या परिभाषेत ५,००० मी. व १०,००० मी. या लांब पल्ल्याच्याच शर्यती होत, तथापि ४२.१९५ किमी. लांबीची मॅरेथॉन आणि तिच्या निम्म्या अंतराची अर्धमॅरेथॉन यांच्या मानाने त्यांना लघुअंतर शर्यती म्हणण्याचा प्रघात हौशी मंडळींत पडला आहे. आपल्याकडे तीन किलोमीटरच्या शालेय दौडीलाही ‘मॅरेथॉन’ हेच नाव दिले जाते. हा प्रयोग चुकीचा असला, तरी तो इतका रुळला आहे, की प्रवेशपत्रिकेतील अंतराचा आकडा वाचल्याखेरीज शर्यतीच्या नावावरून कसलाच बोध होत नाही.

पुणे परिसरात अंतरधावनाला जुनी परंपरा आहे. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या ग्रामीण तरुणांची कामगिरी सर दोराबजी टाटा यांच्या नजरेत भरली. त्यांच्या वेळा यूरोपीय धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहण्याजोग्या आहेत, असे आढळल्यावर १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठविण्याच्या प्रयत्नांना चालना मिळाली. त्या पथकातील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावे स्थान मिळविले. १९८३ मध्ये पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली आणि मुख्य शर्यतीसोबतच्या छोट्या अंतरांच्या दौडींमुळे सामान्य नागरिक रस्त्यावर धावू लागला. मुंबईत २००४ पासून भरणारी मॅरेथॉन, बंगळूर येथे २००८ पासून होणारी १० किमी. ची शर्यत आणि २०१२ मध्ये मुंबईत आरंभ झालेली स्त्रियांची ‘पिंकेथॉन’ दौड यांनी ही लाट वाढविली.

पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा या लाटेचे एक ठळक क्षेत्र ठरला आहे. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना उभा राहिला. पुढे आकुर्डी, भोसरी, चिंचवड येथे वाहने व यंत्रसामग्री यांचे उद्योग आले. १९८२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि या शतकाच्या आरंभापासून मोटारनिर्मितीचा विस्तार पुणे-नाशिक मार्गावरील चाकणकडे झाला. यामुळे येथील धावपटू हा बहुधा तिशी ते पन्नाशीतील नोकरदार असतो. यंत्रावर उभा राहणारा कामगार, रेखनकक्षात किंवा संगणकापुढे बसणारा अभियंता, शाळेतील शिक्षिका असे हे लोक शालेय वयानंतर प्रथमच धावू लागलेले असतात. निगडीची दुर्गादेवी टेकडी, भोसरीच्या इंद्रायणीनगरातील क्रीडासंकुल, शेलारवाडीजवळचा घोरावडेश्वराचा डोंगर आणि शहराच्या सीमेलगतचे, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले म्हाळुंगे-बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल ही त्यांच्या परिचयाची स्थळे होत. आषाढी वारीत देहूहून निघालेली पालखी याच भागातून जात असल्याने दिवसभर चालण्याची कल्पना येथे कोणास नवी नाही. घड्याळाकडे पाहत धावण्याची मात्र आहे.

वेळेचे मापन : हौशी धावपटूच्या दृष्टीने शर्यतीचे फलित म्हणजे त्याची समाप्तिवेळ. ही वेळ दोन प्रकारांनी नोंदली जाते. इशाऱ्यापासून अंतिम रेषेपर्यंतची ती ‘इशारावेळ’ आणि आरंभरेषा प्रत्यक्ष ओलांडल्यापासूनची ती ‘निव्वळ वेळ’. धावपटूच्या अंकपट्टीला किंवा बुटाला लावलेल्या इलेक्ट्रॉनिक चकतीमुळे १९९० नंतरच्या दशकात निव्वळ वेळ मोजणे सुलभ झाले. हजारोंच्या गर्दीत मागे उभ्या राहिलेल्या व्यक्तीस आरंभरेषेपर्यंत पोहोचण्यासच दोनतीन मिनिटे लागू शकतात. म्हणून स्वतःच्या प्रगतीची तुलना निव्वळ वेळेनेच करावी लागते. क्रमांक मात्र पुष्कळ ठिकाणी इशारावेळेवरून ठरतात.

वेळ अचूक असून अंतर चुकीचे असेल, तर तुलना फोल ठरते. प्रमाणित शर्यतमार्गाची लांबी अंशांकित सायकलीच्या चाकाला जोडलेल्या गणकाने, धावपटूला शक्य असलेल्या लघुतम रेषेवरून मोजतात आणि मार्ग आखूड पडू नये म्हणून दर हजार मीटरमागे एक मीटर जादा धरतात. प्रमाणित १० किमी. चा मार्ग त्यामुळे १०,०१० मी. आखला जातो. विक्रमासाठी आरंभ व अंत यांमधील उतार दर किलोमीटरला एक मीटरपेक्षा अधिक चालत नाही. स्थानिक पातळीवरील अनेक दौडींत असे मापन होत नाही. ५ किमी. चा मार्ग १०० मी. ने आखूड असेल, तर किलोमीटरला सहा मिनिटे घेणाऱ्याची वेळ विनाश्रम ३६ सेकंदांनी ‘सुधारते’. मनगटी घड्याळातील उपग्रहाधारित मापनही निर्णायक मानता येत नाही. वळणांवर बाहेरून धावल्यामुळे आणि स्थाननिश्चितीतील लहानलहान चुका साठत गेल्यामुळे ते बहुधा अंतर अधिक दाखविते. उंच इमारतींच्या दाटीत किंवा नाशिक फाट्यासारख्या उड्डाणपुलाखाली ते भरकटते. प्रगती खरी की भासमान, हे जाणण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय जुनाच आहे : ४०० मी. च्या धावपट्टीवर, आतल्या मार्गिकेतून साडेबारा फेऱ्या धावणे. अर्ध्या तासात ५ किमी. पूर्ण करणाऱ्यास एका फेरीला २ मिनिटे २४ सेकंद लागतात, तर पंचवीस मिनिटांत पूर्ण करणाऱ्यास बरोबर २ मिनिटे.

शारीरिक आधार : ५ किमी. धावण्यास लागणाऱ्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा ऑक्सिजनाच्या साहाय्याने मिळते. म्हणून या अंतराची वेळ मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून राहते. पहिली, शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक आर्चिबॉल्ड हिल यांनी १९२० नंतरच्या दशकात धावण्याच्या प्रयोगांतून ही कमाल मर्यादा दाखवून दिली. दुसरी, या कमाल क्षमतेचा किती हिस्सा दीर्घकाळ टिकविता येतो. ठराविक गतीपलीकडे रक्तातील लॅक्टेटाचे प्रमाण झपाट्याने वाढू लागते, श्वास अनावर होतो आणि ती गती फार वेळ राखता येत नाही. ही सीमा सरावाने वर सरकते. तिसरी गोष्ट म्हणजे धावण्यातील काटकसर, म्हणजेच एकाच गतीला कोणास किती ऑक्सिजन लागतो, हे होय.

या गोष्टींना आकडे दिले, म्हणजे अपेक्षा आवाक्यात येतात. सपाट रस्त्यावर ताशी १० किमी. गतीने, म्हणजे ५ किमी. ला ३० मिनिटे या हिशेबाने धावण्यासाठी शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे मिनिटाला सुमारे ३७ मिलि. ऑक्सिजन लागतो. हेच अंतर २५ मिनिटांत कापावयाचे, तर ही गरज सुमारे ४३.५ मिलि. होते, म्हणजेच जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढते. १९९० नंतरच्या दशकात अमेरिका व कॅनडा येथील कुटुंबांवर झालेल्या ‘हेरिटेज’ या अभ्यासात बैठे जीवन जगणाऱ्या व्यक्तींकडून वीस आठवडे सायकलयंत्रावर व्यायाम करून घेतला असता कमाल ऑक्सिजनवापरात मिनिटाला सरासरी सुमारे ४०० मिलि. वाढ झाली. ही सरासरी होती. काहींमध्ये जवळजवळ काहीच फरक पडला नाही, तर काहींमध्ये वाढ एक लिटरहून अधिक होती आणि हा फरक कुटुंबागणिक एकत्र आढळला. सारांश, तीस मिनिटांची वेळ पंचवीसवर आणणे हे अनेकांना शक्य असले, तरी ते आठ आठवड्यांचे काम नव्हे, आणि दोन सहकाऱ्यांनी एकच वेळापत्रक पाळल्यावर दोघांची वेळ सारखीच सुधारेल, असेही नाही. ज्याची सुधारणा कमी, त्याने कष्ट कमी केले असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय आहे.

शरीराचे निरनिराळे घटक निरनिराळ्या वेगाने बदलतात, ही गोष्ट नवोदितांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. रक्तातील द्रवभाग एकदोन आठवड्यांतच वाढतो व हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अधिक रक्त पुढे जाते. स्नायुपेशींतील ऊर्जानिर्मिती करणारे कलकणू व केशवाहिन्या यांची वाढ होण्यास काही आठवडे लागतात. स्नायुबंध व हाडे मात्र सावकाश बळावतात. हाडांच्या पुनर्रचनेचे एक आवर्तन पुरे होण्यास तीनचार महिने जातात. यामुळे दुसऱ्या महिन्यात दम पुरू लागतो, उत्साह वाढतो आणि पाय अजून तयार नसतात. नडगी, टाच आणि गुडघा यांची दुखणी याच सुमारास उद्भवतात. आठवड्याचे अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. २००८ मध्ये नेदर्लंड्समधील ग्रोनिंगेन येथील पाचशेहून अधिक नवोदितांवरील चाचणीत मात्र या नियमानुसार हळूहळू सराव वाढविणारे आणि तुलनेने लवकर वाढविणारे, अशा दोन्ही गटांत सुमारे पाचांतील एकास इजा झाली. तेव्हा टक्केवारी पाळली म्हणून निर्धास्त होता येत नाही. सकाळी उठल्यावर पाऊल टेकताना दुखते का, दुखणे धावताना वाढत जाते की ओसरते, यांकडे लक्ष देणे अधिक उपयोगी ठरते.

अपेक्षित वेळ : एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ अंदाजता येते. अमेरिकन अभियंता पीटर रीगल यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या व १९८१ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केलेल्या सूत्रानुसार अंतर दुप्पट झाले असता वेळ दुपटीहून थोडी अधिक, सुमारे २.०८५ पट होते. त्यानुसार ५ किमी. ला ३० मिनिटे घेणाऱ्याने १० किमी. साठी सुमारे ६२ मिनिटे ३३ सेकंदांची अपेक्षा धरावी. प्रत्यक्षात ७० मिनिटे लागत असतील, तर उणीव वेगाची नसून दीर्घ सरावाची आहे, असे समजावे. सूत्राचा खरा उपयोग भविष्य सांगण्यापेक्षा या निदानासाठी अधिक आहे.

वय व लिंग यांचाही विचार आवश्यक ठरतो. ५,००० मी. चे जागतिक विक्रम पाहिले, तर जोशुआ चेप्तेगेई याची २०२० मधील १२ मिनिटे ३५.३६ सेकंद आणि बिॲट्रिस चेबेट हिची २०२५ मधील १३ मिनिटे ५८.०६ सेकंद या वेळांत सुमारे ११ टक्क्यांचा फरक दिसतो. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे याने २०२२ मध्ये याच अंतरात १३ मिनिटे २५.६५ सेकंदांची नोंद करून बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. नाशिकच्या कविता राऊत हिने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत १०,००० मी. मध्ये ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत कांस्यपदक मिळविले. पस्तिशीनंतर क्षमता हळूहळू घटते आणि साठीनंतर घट अधिक वेगाने होते. यासाठी ज्येष्ठांच्या स्पर्धांत वयानुरूप गुणांकन वापरतात. धावपटूची वेळ त्याच वयाच्या व लिंगाच्या सर्वोत्तम वेळेशी ताडून टक्केवारी काढली जाते. पंचावन्न वर्षांच्या गृहस्थांनी मुलाच्या वेळेपेक्षा दोन मिनिटे अधिक घेतली, तरी गुणांकनात ते मुलाच्या पुढे असू शकतात.

सराव : आठवड्यातून तीन ते चार दिवस धावणे हौशी व्यक्तीस पुरेसे होते. यातील बहुतांश धावणे सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतक्या सावकाश गतीने व्हावे, याविषयी आता फारसा मतभेद नाही. हौशी धावपटूंची नेहमीची चूक याच्या उलट असते. रोज मध्यम-कठीण गतीने धावल्यामुळे ते सोप्या दिवशी विश्रांती घेत नाहीत आणि कठीण दिवशी पुरेसे वेगात धावू शकत नाहीत. महिनोन्‌महिने एकाच वेळेवर अडकून पडण्याचे हे प्रमुख कारण होय.

वेगाच्या सरावाचे प्रकार अनेक आहेत. वोल्डेमार गेर्शलर या जर्मन प्रशिक्षकाने १९३० नंतरच्या दशकात खंडित सरावाला पद्धतशीर रूप दिले आणि त्यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये ८०० मी. चा विक्रम १ मिनिट ४६.६ सेकंदांवर नेला. त्याच सुमारास स्वीडनमध्ये गोस्ता होल्मेर यांनी ‘फार्टलेक’ ही, मनाला येईल तसा वेग कमीजास्त करीत मोकळ्या रानात धावण्याची पद्धत रूढ केली. हौशी व्यक्तीने धावपट्टीवर ४०० मी. च्या सहा ते आठ फेऱ्या आपल्या ५ किमी. च्या गतीने, मध्ये दीडदोन मिनिटे चालत, काढाव्यात. किंवा वीस मिनिटे किंचित कष्टप्रद पण स्थिर गतीने धावावे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला कोपनहेगन येथील एक प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. त्यात धावपटू ३० सेकंद सावकाश, २० सेकंद मध्यम व १० सेकंद जवळजवळ पूर्ण वेगाने, असे मिनिटामिनिटाचे गट करून धावले. त्यांचे एकूण अंतर निम्म्यावर आणूनही सात आठवड्यांत ५ किमी. ची वेळ सरासरी ४८ सेकंदांनी सुधारली. वेळेची चणचण असणाऱ्या नोकरदारांना ही पद्धत आकर्षक वाटेल. परंतु प्रयोगातील मंडळी आधीपासून नियमित धावणारी होती, हे विसरता कामा नये. चढावर धावण्यानेही हाच हेतू साधतो आणि पायांवरचा आघात कमी राहतो. दुर्गादेवी टेकडीवरील चढण त्यासाठी सोयीची आहे.

शर्यतीच्या दिवशी वेळ वाया जाते ती बहुधा पहिल्या किलोमीटरात. तीस मिनिटांचे लक्ष्य असणारा धावपटू गर्दीच्या ओढीने पहिला किलोमीटर सव्वापाच मिनिटांत कापतो आणि ४५ सेकंद कमावल्याचे समाधान मानतो. लॅक्टेटाची सीमा ओलांडली गेल्याने चौथ्या किलोमीटरात तो त्याहून अधिक गमावतो. पहिला किलोमीटर सरासरीइतका किंवा किंचित सावकाश आणि शेवटचा सर्वांत जलद, ही वाटणी सामान्यतः लाभदायक ठरते. कार्बन पट्टी व लवचिक फेस असलेल्या, २०१७ पासून प्रसार पावलेल्या बुटांनी वेगवान धावपटूंची ऊर्जा सरासरी सुमारे चार टक्के वाचते; सावकाश धावणाऱ्यांना लाभ कमी होतो. त्यांची किंमत पाहता हौशी व्यक्तीने तो खर्च शेवटी करावा.

पाळी, हवा व रस्ते : औद्योगिक पट्ट्यातील धावपटूंपुढे क्रीडाविषयक ग्रंथांत न आढळणारे काही प्रश्न असतात. पाळी दर आठवड्याला बदलत असल्यास झोपेची वेळही बदलते. शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास किमान व दुपारनंतर उशिरा कमाल असते आणि स्नायूंची कार्यक्षमता साधारणतः त्याला अनुसरते. अपुऱ्या झोपेनंतर तीच गती अधिक कष्टाची वाटते. यास्तव तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात केवळ सावकाश धावून, वेगाचा सराव पहिल्या पाळीच्या आठवड्यात सायंकाळी ठेवणे श्रेयस्कर. रात्रपाळी संपवून थेट शर्यतीच्या रांगेत उभे राहण्याचा हट्ट काही जण धरतात. तो कौतुकास पात्र नाही. येथील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुटी परंपरेने गुरुवारी असते, तर शर्यती रविवारी. त्यामुळे कामगाराला शर्यतीसाठी रजा किंवा पाळीची अदलाबदल करावी लागते, ही अडचण आयोजकांच्या सहसा ध्यानी येत नाही.

ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या पहाटा धावण्यास अनुकूल असतात. परंतु याच दिवसांत थंड हवेचा थर जमिनीलगत साचून धूर व धूळ अडकून राहते. विश्रांतीत मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेणारी व्यक्ती वेगाने धावताना साठ लिटरहून अधिक हवा आत घेते, तीही बव्हंशी तोंडावाटे. अवजड वाहनांच्या मार्गापासून काहीशे मीटर दूर गेल्यास प्रदूषणात पुष्कळ फरक पडतो. चाकण परिसरातील मालवाहू वाहनांचे रस्ते तर अंधारात धावण्यास सर्वथा अयोग्य होत. तेथे धोका धुरापेक्षा चाकांचा अधिक आहे. एप्रिल-मे मध्ये उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात व पावसाळ्यात दमट हवेमुळे घाम वाळत नाही. या महिन्यांत वेळ मागे गेली, तर ती प्रगतीची अधोगती मानू नये.

वैद्यकीय दक्षता : नियमित धावण्याने हृदयविकाराची शक्यता एकंदरीत घटते; प्रत्यक्ष जोरकस श्रमाच्या वेळी मात्र ती, विशेषतः सराव नसलेल्या व्यक्तीत, तात्पुरती वाढते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातील व्यक्तींना पहिला हृदयविकाराचा झटका इतर देशांतील लोकांपेक्षा सरासरी सुमारे सहा वर्षे आधी, त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास येत असल्याचे आढळले. धावण्याचा प्रसार करणारे अमेरिकन लेखक जेम्स फिक्स हे १९८४ मध्ये वयाच्या बावन्नाव्या वर्षी धावतानाच मरण पावले. त्यांच्या वडिलांचा मृत्यूही त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने झाला होता. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचे व्यसन किंवा कुटुंबात अकाली हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी वेगाचा सराव सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात श्रमाबरोबर येणारी व थांबल्यावर जाणारी कळ, अकारण भोवळ आणि नेहमीच्या गतीला अनपेक्षित धाप ही लक्षणे ‘पित्त झाले’ म्हणून झटकून टाकण्याची प्रवृत्ती घातक ठरते. ताप असताना धावू नये व शर्यतीपूर्वी वेदनाशामक गोळी घेऊ नये. ५ किमी. च्या शर्यतीत पाणी फारसे लागत नाही. अंतिम रेषेजवळ हृदयपुनरुज्जीवनाचे शिक्षण घेतलेली व्यक्ती व विद्युत्‌धक्क्याचे स्वयंचलित यंत्र असणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण हृदयाची क्रिया थांबल्यास प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता घटत जाते.